गोठ्यापर्यंत जाणारं गाणं

जैवसुरक्षेवर गाणं लिहा, घरीच मुद्रित करा आणि पाठवा, अशा स्पर्धेबद्दल अलीकडे आमच्याकडे बरीच विचारणा होते आहे. विचारणारे बहुतेक जण आपलेच: कलापथकांत उमेदवारी केलेले शाहीर, भजनी मंडळातले गायक, शाळांमधले संगीत शिक्षक. त्यांच्या मनात दोन शंका आहेत. विषय पशुवैद्यकांचा, त्यात आपण काय लिहिणार? आणि स्टुडिओ परवडत नाही, मग मुद्रणाचं काय? आमचं मत आधीच सांगून टाकतो. या स्पर्धेत जरूर उतरा. हा विषय आपलाच आहे आणि घरच्या मुद्रणात त्याचं काही बिघडत नाही. मात्र गाणं कसं असावं याबद्दल आमचा एक आग्रह आहे आणि हे संपादकीय त्या आग्रहासाठीच लिहितो आहोत.

रोग गावात शिरतो तो बहुतेक वेळा माणसाच्या पायांनी. बाजारातून आलेली चप्पल, व्यापाऱ्याच्या गाडीतले पिंजरे, एका पोल्ट्रीतून दुसरीत फिरणारे अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, आठवडी बाजारातून आणून थेट कळपात सोडलेली शेळी. शेडच्या दाराशी जंतुनाशकाची पायधुणी ठेवलेली असते, पण शेण-मातीनं भरलेला बूट तसाच त्यात बुडवला तर औषधाचा जोर त्या घाणीतच संपतो. आधी ब्रशनं बूट घासायचा, मग बुडवायचा. नवं जनावर आणलं तर तीन आठवडे वेगळं बांधायचं. रोजच्या कामात आधी लहान आणि निरोगी पक्ष्यांकडे जायचं, आजारी असतील तिकडे सगळ्यांत शेवटी. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकायची नाही, खड्डा खणून चुना टाकून पुरायची. जैवसुरक्षा म्हणतात ती एवढीच आणि यातलं प्रत्येक काम हातापायांचं आहे. कामाला लय असते आणि जिथे लय आहे तिथे गाणं शिरू शकतं. जात्यावर ओवी आली ती अशीच.

आता आमचा आग्रह. या विषयावरची जी गाणी कानावर येतात त्यांतली बरीचशी भीती घालतात. रोग येतोय, सावध व्हा, सगळं संपेल, असा त्यांचा सूर असतो. ढोलकी जोरात असते, शाहिराचा आवाज टिपेला असतो आणि ऐकणारा घाबरतो. पण घाबरलेला पशुपालक काय करतो, हे आपण पाहिलेलं आहे. तो लपवतो. शेडमध्ये वीस पक्षी मेलेले दिसले की त्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतं ते आपला सगळा कळप मारला जाण्याचं चित्र, मग भाव पडण्याचं, मग शेजाऱ्यांच्या बोलण्याचं. तो रात्री खड्डा खणतो आणि उरलेले पक्षी पहाटे व्यापाऱ्याला विकून मोकळा होतो. रोग त्या गाडीबरोबर पुढच्या तालुक्यात जातो.

साथ आटोक्यात येणं न येणं पहिली खबर किती लवकर मिळते यावर ठरतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. लाखो पक्षी मारावे लागले आणि चिकन-अंड्यांची मागणी देशभर कोसळली. जिथे एकही पक्षी आजारी नव्हता तिथल्या कुक्कुटपालकांचंही त्यात कंबरडं मोडलं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याचं नाव असंच बातम्यांत आलं. रोग सापडलेल्या जागेभोवती एक किलोमीटरच्या त्रिज्येतले पक्षी नष्ट करायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, अशी आता पद्धत आहे. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई सरकार देतं. खबर जितकी लवकर जाईल तितका रोग त्या एका किलोमीटरच्या आत राहतो. आता सांगा, आपल्या गाण्यानं या माणसाला आणखी घाबरवायचं की फोन उचलायला लावायचं?

हे सगळं आपल्या मुलखाला नवं नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांची झडती घेतली. माणसांना ओढून रुग्णालयात आणि छावण्यांत नेलं. साथ रोखायची म्हणूनच हे चाललं होतं, पण धाकाचा परिणाम असा झाला की घरोघर आजारी माणसं लपवली जाऊ लागली. त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथीच्या दिवसांत माणसाच्या दाराशी दोन तऱ्हांनी जाता येतं. आपलं गाणं कोणत्या तऱ्हेनं जाणार, ते लिहिणाऱ्यानं पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवायचं असतं.

बाहेरच्या देशांतली दोन उदाहरणं या संदर्भात बोलकी आहेत. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती तेव्हा लायबेरियात ‘इबोला इन टाउन’ नावाचं गाणं तुफान गाजलं. त्यावर लोक एकमेकांना स्पर्श न करता नाचत होते. पण हे गाणं भीती वाढवतं, माणसानं नेमकं काय करायचं ते सांगत नाही, अशी टीका आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांनी केली. उलट फेब्रुवारी २०२० मध्ये व्हिएतनाममधून ‘घेन को वी’ हे गाणं आलं. खाक हुंग या संगीतकारानं आपल्याच एका लोकप्रिय गाण्याच्या चालीवर तिथल्या आरोग्यसंस्थेबरोबर ते केलं. त्यात हात धुण्याच्या क्रिया होत्या. एका नर्तकानं त्या नाचात बसवल्या आणि जगभर लोक ते पाहून हात चोळू लागले. चाल लोकांच्या ओठांवर होतीच, त्यात एक काम घातलं गेलं. पहिल्या गाण्याची लोकप्रियताही कमी नव्हती, हे लक्षात घ्या. गाणं गाजलं म्हणजे ते उपयोगी पडलं असं होत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की एका गाण्यात एकच काम सांगा. दहा सूचना एका गाण्यात कोंबल्या की त्याचं परिपत्रक होतं. ‘रोगराईला टाळू या, सारे नियम पाळू या’ असा मुखडा कोणालाही एका बैठकीत सुचेल. यमक जुळलं, लय बसली, पण ऐकणाऱ्यानं घरी जाऊन काय करायचं? कोणते नियम, कुठे पाळायचे, कोणी? ऐकणारी बाई परसात दहा कोंबड्या पाळते. तिला ही ओळ तिची वाटतच नाही. आता तिच्याच जात्यावरच्या चालीत हे म्हणून पाहा:

खुराड्याच्या दारापाशी, चपला ठेव बाहेर
बाजाराची धूळ नको, माझ्या पिलांना आहेर

यात रोगाचं नाव नाही. मरणाचं तर नाहीच. जागा आहे, वस्तू आहे, एक कृती आहे आणि ती का करायची तेही दुसऱ्या ओळीत येऊन जातं. आठ-आठ अक्षरांचे तुकडे पडल्यामुळे कोणालाही म्हणता येतं. या ओळी काही फार थोर नाहीत, तुम्ही याहून कितीतरी चांगल्या लिहाल. पण गाणं कोणत्या वाटेनं जावं ते त्यांवरून कळावं.

पशुवैद्यकीय सेवेचा मोफत फोन क्रमांक आहे १९६२. हा आकडा कानाला कसा लागतो पाहा: एक, नऊ, सहा, दोन. मोजून आठ अक्षरं. ओवीच्या अर्ध्या ओळीत किंवा लहान अभंगाच्या चरणात तो जसाच्या तसा बसतो, कुठेही ओढाताण नाही. केरव्याच्या आठ मात्रांवर एकेक अक्षर टाकलं तर मुलं खेळता खेळता म्हणतील. भित्तिपत्रकावरचा नंबर माणूस विसरतो, चालीत बसलेला नंबर विसरत नाही. एखाद्या गाण्याचं ध्रुपद एवढंच असलं आणि कडव्यांत गाय, शेळी, कोंबडी यांची एकेक लक्षणं आली, तरी त्या गाण्यानं आपलं काम केलं असं आम्ही म्हणू. प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांबाबतचा २००९ चा कायदा मालकावर खबर देण्याची जबाबदारी टाकतो. पण कायद्याचं कलम कडव्यात घालू नका. फोन केल्यावर डॉक्टर येतात, मदत होते, कोणी गुन्हेगार ठरत नाही, हा विश्वास घाला.

गाडगेबाबांची आठवण इथे काढायलाच हवी. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं. कीर्तनात ते उपदेश करत बसत नसत. समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. सवाल-जवाब आपल्या रक्तात आहे. शाहिरानं विचारायचं, झीलकऱ्यांनी उत्तर द्यायचं, आणि तिसऱ्या फेरीला प्रेक्षकांनीच उत्तर द्यायचं. सत्यशोधक जलशांनी मुलांना शाळेत घाला हे याच रीतीनं सांगितलं. आंबेडकरी जलशांनी आणि १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकानं हीच हत्यारं वापरली. भारूड, गवळण, वासुदेव, गोंधळ, यांतला कोणताही घाट घ्या. पोवाडा मात्र जपून घ्या, असं सुचवावंसं वाटतं. पोवाड्याला वीर लागतो आणि त्याच्यासमोर शत्रू लागतो. साथीच्या गाण्यात शत्रू शोधायला निघालं की तो हमखास माणसांत किंवा पाखरांत सापडतो: भटके मेंढपाळ, परगावचा व्यापारी, परसातल्या चार कोंबड्यांची मालकीण, तळ्यावर उतरलेले परदेशी पक्षी. एका ओळीनं एखाद्या समाजावर बोट रोखलं जाऊ शकतं. असं गाणं कितीही रंगलं तरी ते लिहू नये.

तपशिलाची चूकही महागात पडते. २०२२ च्या ऑगस्टपासून राज्यात गुरांमध्ये लम्पी हा रोग पसरला. गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. तेव्हा दुधातून माणसाला रोग होतो अशी अफवा उठली. लम्पी माणसाला होत नाही. तो चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत जनावराकडून जनावराकडे जातो. नीट शिजवलेल्या अंड्या-मांसातून बर्ड फ्लूची भीती नसते, ७० अंश सेल्सिअसच्या वर विषाणू टिकत नाही. कोंबडीची मानमोडी वेगळी, बर्ड फ्लू वेगळा. लक्षणं काही सारखी दिसतात, म्हणून तर ओळखायचं काम डॉक्टरांवर सोडायचं आणि गाण्यात फक्त कळवा म्हणायचं. लिहून झालेलं गाणं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा वाचून दाखवा. डॉक्टर एखादा शब्द बदलायला सांगतील. यमक मोडलं तरी तो शब्द बदला.

आता मुद्रणाबद्दल. घरच्या मुद्रणाला कमी समजण्याची सवय आपण सोडायला हवी. हे गाणं उद्या वाजणार ते ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर, दूध संकलन केंद्रातल्या मोबाइलवर, घंटागाडीच्या कर्ण्यावर. तिथे स्टुडिओतली झिलई कोणाला ऐकू येत नाही, शब्द ऐकू येतो. तेव्हा घरी मुद्रण करताना सगळं लक्ष शब्द स्वच्छ येण्याकडे द्या.

खोली निवडणं हे अर्धं काम. फरशी आणि सिमेंटच्या उघड्या भिंती आवाज परत फेकतात आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात. टाळी वाजवून पाहा: मागे टणत्कार राहिला तर खोली बदला. भिंतीला गाद्या उभ्या करा, दोरीवर गोधड्या टाका, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. गोधडी फोनच्या मागे लावतात आणि गायकाची पाठ उघडी ठेवतात, ते उलट आहे. फोनचं तोंड गायकाकडे असतं, तेव्हा गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्यात आधी शिरतो. विदर्भातल्या घरांत वेचणीनंतर कापूस खोलीभर साठवलेला असतो. आवाज शोषून घ्यायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. फक्त साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, म्हणून दाराशी उभं राहून, पाठ कापसाकडे करून गा. पंखा बंद, फ्रिज बंद, फोन फ्लाइट मोडवर.

फोन हातात धरू नका. घडी घातलेल्या टॉवेलवर पुस्तकांची चळत, तिच्यावर फोन, आणि त्याचा माइक म्हणजे खालची कड तुमच्याकडे. अंतर वीत-दीड वीत. फोन अगदी तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा सरकवून ठेवा, कारण आपल्या भाषेत फ, भ, ख, थ भरपूर आणि त्यांचा श्वास सरळ माइकवर आदळला की धप्प आवाज येतो. ‘फऱ्या’, ‘घटसर्प’, ‘खुरकूत’ अशी रोगांची नावं गायची असतील तर हे करून पाहाच.

फोनमधली आवाज आपोआप स्वच्छ करणारी सोय बंद करा. यंत्र सलग चालणाऱ्या नादाला गोंगाट समजतं आणि पंख्याबरोबर तुमचं तुणतुणं आणि तानपुराही कापून टाकतं. सुरात आणणारी अ‍ॅपही दूर ठेवा. ती मींड सपाट करतात आणि लोकसंगीताचा सूर जिथे मुद्दाम हलता असतो तिथे त्याला खिळा ठोकतात. मुद्रण वेव्ह स्वरूपात करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या ऑडिओऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पाठवतानाच दर्जा उतरतो.

ढोलकी आणि गळा एकाच फोनवर घ्यायचा मोह होतो. ढोलकीची थाप इतकी तीव्र असते की फोन तिच्यासाठी आवाज खाली ओढतो आणि प्रत्येक थापेला गायक दबतो. दोन फोन वापरा. ढोलकीवाला दुसऱ्या खोलीत किंवा अंगणाच्या टोकाला बसवा, त्याच्याजवळ एक फोन, गायकाजवळ दुसरा. दोन्ही सुरू झाल्यावर एकदा मोठ्यानं टाळी वाजवा. पुढे संगणकावर दोन्ही मुद्रणं जुळवताना ती टाळी खुणेला येते. डफ आणि हलगीला तर अधिकच अंतर हवं. झीलकऱ्यांना गायकाच्या मागे तीन-चार पावलांवर उभं करा. त्यांचा आवाज मागून आला की शाहिराचे शब्द स्वच्छ राहतात आणि ‘जी जी रं’ला फडाचा भास येतो. पट्टी घरातल्या बायकामुलांना झेपेल अशी निवडा. काळी पाचमध्ये तुमचा आवाज चमकत असेल, पण गाणं ऐकणाऱ्यानं स्वतः म्हणायला हवं, म्हणून दोन-तीन सूर खाली या. तीन मिनिटांत गाणं संपवा आणि मुखडा पहिल्या काही सेकंदांतच येऊ द्या.

चालीचा प्रश्न नाजूक आहे. सिनेमातल्या गाजलेल्या चालीवर नवे शब्द बसवणं आपल्याकडे सर्रास चालतं. मेळ्यांत आणि जत्रांत त्याची हौसही असते. स्पर्धेत ते करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चालीवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, शब्द बदलल्यानं तो संपत नाही. पारंपरिक ओवी, भूपाळी, भारुडाची चाल सगळ्यांची आहे, ती घ्या. मात्र एखाद्या गायकानं ती आपल्या खास वाद्यमेळासह मुद्रित केली असेल तर त्या वाद्यमेळाची नक्कल नको.

स्पर्धेचे नियम वाचताना आणखी एक गोष्ट पाहा: गाण्याचे हक्क कोणाकडे राहतात? प्रसारासाठी वापरण्याची परवानगी मागणं वाजवी आहे. कायमचे, सगळे हक्क लिहून मागितले तर नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हक्क लेखी करारानंच दिले जातात आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, असं कायदा सांगतो. लोककलावंतानं सही करून आयुष्यभराची कमाई गमावल्याची उदाहरणं या क्षेत्रानं पुष्कळ पाहिली आहेत. गीतकार, संगीतकार, गायक, वादक, सगळ्यांची नावं गाण्याबरोबर लिहून पाठवा. ढोलकीवाल्याचं नाव गाळू नका.

स्पर्धेत क्रमांक येईल किंवा येणार नाही. परीक्षकांना झगमगाट आवडला तर साधं गाणं मागे पडेल, हेही घडतं. पण गाणं तयार आहे म्हटल्यावर ते निकालाची वाट पाहत पेटीत का ठेवायचं? आठवडी बाजाराच्या दिवशी म्हणा, दूध संकलनाच्या रांगेत वाजवा, शाळेच्या परिपाठात मुलांकडून बसवून घ्या, बचत गटाच्या बैठकीत जात्यावरच्या चालीत म्हणा. लाळ्या-खुरकूत आणि शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या रोगाच्या लसीकरणाची तारीख गावात ठरली की आदल्या संध्याकाळी भोंग्यावर लावा. एका गोठ्यातली बाई चप्पल दाराबाहेर काढताना ती ओळ गुणगुणली, तर परीक्षकांचं मत काय होतं याला फारसा अर्थ उरत नाही.

तुमची गाणी आमच्याकडेही पाठवा: शब्द, चाल कुठली, पट्टी कोणती आणि कोणत्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वाचून दाखवलं, एवढी माहिती सोबत लिहा. निवडक गाणी पुढच्या अंकांत स्वरलिपीसह छापू आणि कोणत्याही कलापथकाला ती मोफत गाता येतील, अशी आधी तुमची लेखी संमती घेऊ.